कोपऱ्यातल्या कुंड्यांचे वजन

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी साडेनऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून एकशे चौदा कुंड्या खाली उतरवण्यात आल्या आणि टेम्पोने बदलापूरजवळ खरवईला पाठवण्यात आल्या. कुंड्यांच्या मालकांचे वय तेव्हा एकाहत्तर होते. ते माझे घरमालक. त्यांच्या घरातल्या एका खोलीत मी तीन वर्षे भाड्याने राहिलो. त्या तीन वर्षांत त्यांची झाडे घराबाहेर गेल्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी एकच कुंडी गेली होती आणि ती त्यांनी पाच आठवड्यांनी परत आणली होती.

गल्लीत त्यांना पत्थरकाका म्हणत. तळमजल्यावर जीन्स शिवण्याचा कारखाना होता. धुलाईच्या ड्रममध्ये जीन्सबरोबर हलके, सच्छिद्र दगड टाकतात, त्याने कापड विटके होते. धुऊन आलेल्या पँटींच्या खिशांत त्या दगडांचा चुरा उरतो. धागे कापणाऱ्या बायका खिसे उलटे करून तो झाडत आणि केरात टाकत. काकांनी तो केरात जाऊ दिला नाही. दर शनिवारी ते पिशवी घेऊन खाली जात.

"काका, तुमचा माल आला," बायका ओरडत.

"किती?"

"आता दगड पण मोजायचे का?"

"मोजल्याशिवाय नेत नाही."

चुरा निळा असे. काका तो बादलीत सात वेळा धूत, मग चाळणीने चाळत, बारीक आणि जाड वेगळा करत. त्यात विटांचा चुरा आणि थोडा कोळसा मिसळत. माती जवळजवळ नाहीच. जाड, रसदार पानांची जी झाडे त्यांनी पाळली होती, त्यांना माती मानवत नाही, असे ते सांगत. जेड, हावर्थिया, एकेव्हेरिया, कोरफडीचे दोनतीन प्रकार, पानफुटी. ही नावे मी नंतर शिकलो. काका झाडांना नंबरने ओळखत. कुंडीवर ऑइलपेंटने नंबर घातलेला असे. "चौदाची मुळं धरली," "सत्तावीसला पिल्लू आलं," अशा भाषेत ते बोलत.

ते मूळ खरवईचे. शेती घरातली होती, त्यांच्या तरुणपणीच कमी होत गेली. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काम एकच होते. नमुना तोलायचा, भट्टीत वाळवायचा, पुन्हा तोलायचा आणि वजनात पडलेला फरक लिहायचा. तो फरक म्हणजे ओलावा. हे काम त्यांनी इतकी वर्षे केले की घरी आल्यावरही त्यांना दुसऱ्या रीतीने जगाकडे बघता येईना.

खोली बघायला मी गेलो तेव्हा त्यांनी नोकरी कुठे, गाव कुठले हे विचारले नाही.

"झाड सुकलेलं दिसलं तर काय करशील?" त्यांनी विचारले.

"पाणी घालीन."

"मग खोली नाही."

मी चप्पल घालत होतो. ते म्हणाले, "काम काय करतोस?"

"पेपरात आहे. इकडच्या बातम्या देतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर."

"बातमीत आकडा तू स्वतः मोजतोस का दुसऱ्याचा लिहितोस?"

"जमेल तेव्हा स्वतः."

त्यांनी थोडा विचार केला आणि खोली दिली. अट एकच. आतल्या खोलीतल्या कुठल्याही भांड्याला हात लावायचा नाही.

आतली खोली म्हणजे त्यांचे सगळे घर होते. ते स्वतः स्वयंपाकघरात झोपत. आतल्या खोलीला दक्षिणेकडे एक मोठी खिडकी होती. समोरच्या भिंतीवर त्यांनी जुन्या कपाटांचे तीन आरसे टांगले होते. खिडकीतला उजेड आरशांवर पडून मागच्या फळ्यांवर जाई. उजेड सरकेल तसे ते दिवसातून दोनदा आरसे हलवत. दर रविवारी प्रत्येक कुंडी पाव वळसा फिरवत, म्हणजे झाड एका बाजूला झुकत नाही. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत गळलेली पाने ठेवलेली असत, नुसत्या कोरड्या चुऱ्यावर. महिन्याभरात पानाच्या टोकाला गुलाबी मुळे फुटत आणि नखाएवढे रोप येई. त्या खोक्यांसमोर काका चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बसत.

कमी उजेडात राहणारी हावर्थियाची झाडे उत्तरेकडच्या कोपऱ्यात, सरळ लादीवर ठेवलेली होती. त्या बारा कुंड्या होत्या.

पाणी द्यायची त्यांची पद्धत अशी होती. किराणा दुकानात असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा. प्रत्येक कुंडीचे पूर्ण कोरडे वजन वहीत लिहिलेले. सोमवारी आणि गुरुवारी सगळ्या कुंड्या तोलायच्या. वजन कोरड्या आकड्यावर आले, की तिथून आणखी सहा दिवस थांबायचे. मग औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने बुडाशी पाणी सोडायचे. किती मिलिलिटर, तेही वहीत.

"पान जरा मऊ वाटतंय," असे मी एकदा म्हणालो.

"वाटणं सोड. वजन सांग."

हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते. मोर्चाला तुफान गर्दी होती असे मी जेवताना सांगितले, तर घास थांबवून ते विचारत, "तुफान म्हणजे किती?" मला सांगता येत नसे. काही महिन्यांनी मी गर्दी मोजायला लागलो.

मासळीबाजारात ते स्वतःचा हूकचा काटा घेऊन जात. तिथली एक मावशी त्यांना लांबूनच ओळखत असे. "आला गं आला, सोनार आला," ती शेजारणीला सांगे. "काका, बांगडा घेतोस का मंगळसूत्र?" काका न हसता बांगडा हुकाला लावत. तिने कधी कमी तोललेले त्यांना आढळले नाही. तरी ते तोलत. एकदा मी विचारले, तिच्यावर विश्वास नाही का? ते म्हणाले, "तिच्यावर आहे. तिच्या काट्यावर नाही."

घरात एकच झाड वहीत नव्हते. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळस होती. तिला ते रोज अंघोळीनंतर तांब्याभर पाणी न मोजता घालत. ती त्यांच्या पत्नीने लावलेली होती. पत्नी मी यायच्या आधी वारल्या होत्या. तुळशीचे वजन का घेत नाही, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "ते खातं माझ्याकडे नाही."

दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली, एक सिंधी कुटुंब राहत होते. शेठचे बाजारात चेन आणि बटणांचे दुकान होते आणि तेच इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांची पत्नी, जिला सगळे भाभी म्हणत. आणि शेठची आई, अम्मा. वय ऐंशीच्या पुढे. खुब्याचे हाड मोडल्यापासून चार वर्षे त्या पलंगावर होत्या. पलंग रस्त्याकडच्या खिडकीला लावलेला होता.

परत आणलेली ती एक कुंडी भाभींना दिलेली होती. दुकानात जेड ठेवले की बरकत येते, असे त्यांना कुणी सांगितले होते. काकांनी कधी कुणाला झाड दिले नव्हते. भाभी आठवडाभर मागे लागल्या, तेव्हा अट घातली. दर सोमवारी दुकानातल्या काट्यावर कुंडी तोलून वजन कळवायचे. भाभी व्हॉट्सअॅपवर वजन पाठवू लागल्या. पहिला सोमवार, दोनशे. दुसरा, दोनशे. तिसरा, दोनशे. पाचव्या सोमवारी काका दुकानात गेले आणि कुंडी उचलून घरी आले.

"काका, दिलेली चीज कोण वापस घेतं?" भाभी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या.

"जिवंत वस्तूचं वजन पाच आठवडे एकच राहत नाही. तुम्ही तोललं नाही."

"अहो, गिऱ्हाईक बघू का तुमचं झाड तोलू?"

"म्हणून तर आणलं."

त्यानंतर सहा महिने भाभी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. हे इथे नोंदवायला हवे, कारण पुढचे प्रकरण सुरू झाले तेव्हाही हा अबोला चालू होता.

माझ्याकडूनही एक चूक झाली होती. पहिल्याच वर्षी एका अंत्यविधीसाठी काका चार दिवस खरवईला गेले. खिडकीतली एक पानफुटी मला मलूल वाटली. मी तिला पेलाभर पाणी घातले. काका परत आले, सोमवारी कुंडी काट्यावर ठेवली आणि मला हाक मारली.

"हिला तहान लागली हे तुला कुणी सांगितलं?"

मी गप्प.

"तिच्या पानात पंधरा दिवसांचं पाणी होतं. तुला दया आली. दयेनं मुळं कुजतात."

दहा दिवसांत ते झाड बुडापासून काळे पडले. काकांनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण विसरलेही नव्हते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कोपऱ्यातल्या बारांपैकी तीन झाडांची खालची पाने काचेसारखी पारदर्शक झाली. काकांनी कुंड्या तोलल्या. एकसष्ट नंबर कोरड्यात चारशे बारा ग्रॅमची. काट्याने चारशे तीस दाखवले. वहीप्रमाणे तिला पाणी देऊन एकवीस दिवस झाले होते.

मी दाढी करत होतो. ते दारात आले.

"पाणी घातलंस."

"नाही, काका."

"मागच्या वेळीही आधी बोलला नव्हतास."

"मागच्या वेळी तुम्ही विचारल्यावर गप्प बसलो होतो. नाही म्हणालो नव्हतो."

ते गेले. दुपारी त्यांनी आतल्या खोलीला कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरते बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. तोवर चहा ज्याचा त्याने करायचा, अशी पद्धत होती.

"खोली बंद होती," ते म्हणाले. "तरी एकसष्ट सहा ग्रॅमनी वाढली. तू नाहीस."

मग ते उठले आणि मला आत घेऊन गेले. बारांपैकी सहा कुंड्या त्यांनी उलट्या वाट्यांवर ठेवल्या, सहा लादीवरच राहू दिल्या. दोन दिवसांनी वाट्यांवरच्या सहाही हलक्या झाल्या होत्या. लादीवरच्या सहाही जड झाल्या होत्या. काकांनी लादीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हाताला काही लागत नव्हते. लादी कोरडी होती. पण भाजलेल्या मातीची कुंडी बुडाने ओल शोषून घेते, लादी ती वर दाखवत नाही. ओल लादीच्या खाली होती.

ते वही घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. मी मागून गेलो.

दार भाभींनी उघडले. अबोला त्यांनीच मोडला. "बरं झालं तुम्हीच आलात. या, बघा." त्यांनी अम्मांच्या पलंगावरचे छत दाखवले. परातीएवढा पिवळट डाग होता, मधे पोपडे सुटलेले. "तुमचं जंगल टपकतंय अम्मांच्या डोक्यावर."

"जंगलाला पाणी किती जातं ते लिहिलंय." काकांनी वही पुढे केली. "कोपऱ्यातल्या बारा कुंड्यांना मिळून महिन्याला एक पेलाभर."

"मग ये क्या है? पसीना है?"

"भिंतीत पाइप आहे. गच्चीवरच्या टाकीचा. तो फुटलाय. कुंड्या जमिनीला पाणी देत नाहीयेत. जमीन कुंड्यांना देतेय."

शेठ आतून आले. ते शांतपणे बोलत. "काका, बुरा मत मानो. सगळ्या बिल्डिंगमध्ये एकशे चौदा कुंड्या एकाच घरात. डाग पण त्याच घराखाली. मीटिंगमध्ये लोक काय बोलणार?"

"लोक काय बोलणार ते सोडा. स्लॅबमध्ये सळ्या आहेत. ओल लागली की गंजतात, फुगतात आणि सिमेंट सोडतात. अम्मांचा पलंग आजच्या आज समोरच्या भिंतीला न्या."

तोवर अम्मा ऐकत होत्या. आता बोलल्या. "पलंग नहीं हिलेगा."

"अम्मा, वरून पडेल."

"चार साल से ये खिड़की मेरा टीवी है, भाऊ. वहाँ दीवार देखूँ क्या दिन भर? गिरना है तो गिरे."

शेठ म्हणाले, "आई ऐकणार नाही. तुम्ही झाडं काढा, डाग आपोआप सुकेल."

काका दारापर्यंत गेले आणि परत फिरले. त्यांनी जे सांगितले ते मी त्याच दिवशी माझ्या वहीत उतरवून घेतले होते. सगळ्या कुंड्या घराबाहेर काढतो. एकही ठेवत नाही. आठ दिवस. डाग सुकला तर कुंड्या परत येणार नाहीत. वाढला तर पलंग हलवायचा आणि इंजिनिअर बोलवायचा.

"एकही नाही?" शेठनी विचारले.

"एकही नाही. नाहीतर तुम्ही उरलेलीला धराल."

अम्मा हसल्या. "इसको बोलते हैं मर्द की जुबान. मंजूर."

रविवारी टेम्पो आला. कारखान्यातल्या बायका जिन्यात उभ्या राहून हातोहात कुंड्या खाली देत होत्या. "काका, पोरगी सासरी चालली का?" एकीने विचारले. "एकशे चौदा पोरी," दुसरी म्हणाली. काका प्रत्येक नंबरावर वहीत खूण करत होते. तुळस वहीत नव्हती, ती सगळ्यांच्या शेवटी गेली.

खरवईला त्यांच्या पुतण्याचा नव्या वसाहतीत फ्लॅट होता, मोठ्या बाल्कनीचा. काकांनी पुतण्याच्या बायकोच्या, सूनबाईच्या हातात एक कागद दिला. त्यावर ठळक अक्षरांत दोनच शब्द होते. पाणी नको.

दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे सोमवारपासून, ते रोज सकाळी अकराला दुसऱ्या मजल्यावर जात, स्टुलावर चढत आणि डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढत. शेजारी वार लिहीत. पहिल्या दिवशी अम्मांनी तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी विचारले, "क्या लिखा?" तिसऱ्या दिवशी काका स्टुलावर चढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "इधर देख, भाऊ. खिड़की की तरफ़ बढ़ा है. कल तक उस खड्डे के पीछे था." चार वर्षे त्या छताखाली पडून होत्या. त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना पाठ होता. काकांनी पाहिले आणि मान हलवली. अम्मांचे निरीक्षण बरोबर होते. त्यानंतर रेघ काका ओढत, पण कुठे ते अम्मा सांगत.

"अजून बोटभर पुढे?"

"आधा बोट. ज़्यादा मत खींच, झूठ हो जाएगा."

चौथ्या दिवशी दुपारी काका खरवईला गेले. मी बदलापूरच्या बातमीसाठी निघालो होतो, म्हणून बरोबर गेलो. बाल्कनी झाडून पुसून स्वच्छ केलेली होती. प्रत्येक कुंडीखाली बशी होती आणि प्रत्येक बशीत पाणी होते.

"सकाळ-संध्याकाळ घालते, काका," सूनबाई म्हणाली. "बघा कशी टवटवीत झाली."

"कागद दिला होता ना, पोरी."

"वाचला की. पण तुम्ही संकोचाने लिहिलंत ना? पाहुणा काही नको म्हणाला म्हणून चहा टाकायचा नाही का? तुमच्या घरची झाडं, आमच्याकडे येऊन उपाशी राहिली, असं बरं दिसेल?"

काकांनी वाकून एक बशी रिकामी केली. मग म्हणाले, "तुझं चुकलं नाय. मना नीट सांगायला हवं व्हतं." गावाकडची बोली त्यांच्या तोंडून मी त्या एकदाच ऐकली.

दोन तासांत जेवढी जमली तेवढी झाडे त्यांनी कुंडीतून काढून वर्तमानपत्रावर आडवी ठेवली. बऱ्याच झाडांची मुळे तपकिरी, मऊ होऊन हाताला चिकटत होती. त्यांना वाचवायला कोरडा चुरा, सावली, काटा आणि रोजचे दोनतीन तास लागणार होते. हे सगळे कॅम्प तीनच्या घरात होते. टेम्पो संध्याकाळी मिळत होता. मी तसे म्हणालो.

"आज परत आणल्या आणि उद्या डाग वाढला, तर ते काय म्हणतील?"

"कुंड्या आल्या म्हणून वाढला."

"मग? आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे? तेवढा वेळ त्या स्लॅबकडे आहे का, हे मला माहीत नाही. तुला आहे?"

आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. खरवईच्या कुंड्यांपैकी शेवटी एकतीस जगल्या.

आठव्या दिवशी सकाळी डागाभोवती आठ रेघा होत्या, एकीच्या बाहेर एक. काका स्टुलावरून उतरले. शेठ दुकानात जायचे थांबले होते. कुणी काही बोलायच्या आत अम्मा म्हणाल्या, "पलंग हटाओ."

"आई, पक्कं?"

"मैंने ख़ुद देखा है. तू आठ दिन दुकान में था."

शेठ, काका आणि मी, तिघांनी पलंग उचलून समोरच्या भिंतीला लावला. अम्मांनी एकदा खिडकीकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. भाभी खिडकीत उभ्या राहून त्यांना रस्त्यावर काय चालले आहे ते सांगू लागल्या. थोड्या वेळाने अम्मा म्हणाल्या, "बस कर, तुझे बताना नहीं आता."

नवव्या दिवशी इंजिनिअर आला. त्याने हातोडीने छत ठोकून पाहिले, आवाज पोकळ आला. गच्चीवरच्या टाकीचा पाइप बंद करायला सांगितला, तो त्याच दिवशी बंद झाला. खोली वापरू नका, टेकू लावून घ्या, असेही सांगितले. टेकू शुक्रवारी येणार होते. घरात खोल्या दोनच असल्याने अम्मांचा पलंग समोरच्या भिंतीलाच राहिला.

गुरुवारी अकरा वाजता काकांनी अकरावी रेघ ओढली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी छताचा खिडकीकडच्या बाजूचा, साधारण पाच फूट लांब आणि चार फूट रुंद भाग खाली आला. जिथे पलंग होता तिथे ठेवलेली लोखंडी पेटी चेपली. अम्मांच्या अंगावर धूळ आली. भाभी मोरीत होत्या. कुणालाही इजा झाली नाही. काका स्वयंपाकघरात होते. आवाज झाल्यावर ते सगळ्यात आधी खाली पोचले.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात दोन कॉलमांची बातमी आली. मी लिहिलेल्या मजकुरात डेस्कवर एक शब्द घातला गेला. सुदैवाने जीवितहानी टळली, असे वाक्य छापले गेले. काकांनी बातमी दोनदा वाचली, पेन मागितले, "सुदैवाने" हा शब्द खोडला आणि कात्रण वहीत ठेवले.

गुरुवारच्या त्या दुपारचा उरलेला तपशील बातमीत नव्हता. तो असा.

अग्निशमन दलाच्या जवानांनी बाराच्या सुमारास इमारत रिकामी करायला सांगितले. अम्मांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन जवान आणि शेठ यांनी जिन्याने खाली आणले. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, ठीक असल्याचे सांगितले. अंबरनाथला राहणारी त्यांची मुलगी त्यांना नेणार होती, तिने रिक्षा पाठवते असे कळवले. तोवर कारखान्यातल्या बायकांनी फुटपाथवर जीन्सचे गठ्ठे रचले आणि अम्मांना त्यावर टेकून बसवले. काका शेजारी उभे होते.

अम्मा चार वर्षांनी रस्त्यावर आल्या होत्या. वरून त्यांना सगळ्यांची डोकी दिसत, चेहरे दिसत नसत. चहावाला चहा घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याला खाली वाकायला सांगितले.

"तू वही गंजा है ना, जो सुबह दुकान खोलके पहले कुत्ते को बिस्कुट देता है?"

"हां, अम्मा."

"चार साल तेरी खोपड़ी देखी. शकल आज देखी. अच्छी है."

बायका हसल्या. चहावाला लाजला. अम्मांनी मग येणाऱ्या-जाणाऱ्या एकेकाला थांबवायला सुरुवात केली. समोरच्या दुकानदाराला, भाजीवालीला, रोज उशिरा येणाऱ्या कारागिराला. प्रत्येकाचे काहीतरी त्यांना ठाऊक होते. काका एकदा म्हणाले, "अम्मा, दमाल." त्यांनी हाताने गप्प बसायची खूण केली.

पावणेचारला रिक्षा आली. भाभींनी पिशव्या आत ठेवल्या. "अम्मा, चला."

"रुक."

"अम्मा, तो थांबणार नाही."

"पाँच मिनट."

रिक्षावाला काकांकडे बघून म्हणाला, "काका, जल्दी करा ना, मला परत यायचंय."

काका म्हणाले, "थांब."

"किती?"

काकांनी अम्मांकडे पाहिले. त्या भाजीवालीचा हात धरून तिच्या मुलीच्या लग्नाचे विचारत होत्या.

"माहीत नाही," काका म्हणाले.

रिक्षावाल्याने इंजिन बंद केले.